भिंतीला न टेकलेलं डोकं

मरोदा, भिलाई
९ मार्च १९८४

प्रिय ताराताई,

मथुरा सुखरूप पोचली, जवसाची चटणीही पोचली. चटणी आम्ही लगेच संपवली, पण तू सोपवलेलं काम काही माझ्याच्यानं होईना. रविवारी नेहरू नगरचे लोक तिला पाहायला येणार, मुलगा जेमतेम तिच्या कानापर्यंत येतो, तेव्हा तुझ्यासारखं जरा वाकून चालायला तिला शिकव, असं तू लिहिलंस. वाचून आधी मला हसूच आलं. माझ्या पाठीचीही कोणाला गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मला पाहायला आले होते ते आठवतं? शेजारच्या सिंधुताई मागून कुजबुजत होत्या, ‘खांदे पाड पोरी, मान खाली घाल.’ सगळ्यांना माझी चाल सोज्वळ वाटली आणि लग्न ठरलं. यांना मी बोल लावत नाही. माझ्या उंचीवरून बिचारे कधी एक शब्द बोलले नाहीत. पण यांच्या शेजारी उभी राहिले की खांदे आपोआप पुढे यायचे. फोटोत वाकले, बाजारात वाकले, मग स्वयंपाकघरात एकटी असतानाही वाकलेलीच राहिले. शेजारणी म्हणायच्या, प्लँटमधल्या बाबूची बायको किती नम्र!

आता मान इतकी दुखते की उशीवर डोकं ठेववत नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कंबरेखालचा भाग, खांदे आणि डोकं सहज टेकायला हवं म्हणाल्या; बाजूनं पाहिलं तर कान खांद्याच्या बरोबर वर हवा. माझं डोकं भिंतीपर्यंत गेलंच नाही. मधल्या फटीत त्यांची अख्खी मूठ मावली. दुखणं कमी करता येईल, पण पाठ आता सरळ होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी खूप रडले गं.

काल मथुरेला आमच्या क्वार्टरच्या भिंतीशी उभं केलं. म्हटलं, घरातली एक तरी पाठ सरळ बघू. टाचा टेकल्या, डोकं टेकेना. जोर लावला तर हनुवटीच वर गेली. विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, आई त दसऱ्यापासूनच शिकवून राहिली. आता सरळ रायलं त मलेच कसंतरी वाटते.’

हे पत्र त्यासाठीच. आज सकाळी तिला बाईंना दाखवलं. वय लहान आहे, रोज मेहनत केली तर मान जागेवर येईल, म्हणाल्या. तिथून मी तशीच नेहरू नगरला गेले आणि मुलाच्या आईला मथुरेची खरी उंची सांगून आले. ते लोक रविवारी येणार नाहीत. तू माझ्याशी बोलणं टाकशील, ठाऊक आहे मला. भाऊजींपुढे सगळा दोष माझ्यावर टाक. पण डोकं भिंतीला टेकल्याशिवाय मथुरेला मी परत पाठवणार नाही.

तुझीच,
एकेकाळी तुझ्याहून उंच असलेली,
नलू