कोपीचं तोंड

२७ डिसें., शुक्र.
लाल्या आजही घरी राहिला नाही. ह्यांनी दोरी बांधून मळ्यातून आणला, भाकरी खाल्ली, दोरी कुरतडली नि परत मळ्यात. अप्पा खुब्याचं हाड मोडून घरात खाटेवर आहेत, हे त्या कुत्र्याला कोण समजावणार! बारा महिने दोघं मळ्यातच झोपायचे. आता हा एकटा. म्हातारा झालाय, मागचे पाय आखडतात, आणि यंदा थंडी मरणाची. पत्र्याच्या शेडमध्ये शिरत नाही. रात्री दवानं पत्रा आतून ठिबकतो, त्याचंही बरोबरच आहे.
अप्पांचा सकाळी डोळे उघडताच पहिला प्रश्न, "लाल्या उठला का?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सून जेवली का असं सासऱ्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

२८ शनि.
ह्यांचा जुना स्वेटर आणि पोतं जोडून लाल्याला अंगरखा शिवला. आख्ख्या गल्लीची ब्लाउजं शिवते, पण इतकं नखरेल गिऱ्हाईक पाहिलं नाही. शेवटी घातला एकदाचा.

२९ रवि.
अंगरखा दवानं चिंब, आत कुत्रा कुडकुडतोय. काढला, उन्हात बसवून पुसला. हे म्हणतात, "वल्लं अंगावर ठिवण्यापरीस उघडा बरा व्हता." खरंय. तरी राग आलाच.

३० सोम. येळवस, शेतपूजेची अमावस्या
पहाटेपासून भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे. टोपल्या ऑटोतून मळ्यात नेल्या. ह्यांनी कडब्याच्या पेंढ्यांची खोपटीसारखी कोप उभी केली, आत पाच दगड पांडव म्हणून मांडले. तोंड पूर्वेला, दरवर्षीसारखं. पूजा झाली, पंगत झाली. अप्पांना न्यायचं होतं, डॉक्टरांनी नको म्हटलं.
लाल्यानं ऑटोभोवती एक चक्कर मारली, आत डोकावला, कुणी उतरेना म्हटल्यावर चाकाशी बसून राहिला. उंडा दिला तर हुंगून सोडला.

३१ मंगळ.
सकाळी भाकरी घेऊन गेले तर साहेब कोपीत! पांडवांशेजारी मुटकुळं करून. इतकं बरं वाटलं. हे म्हणाले, "देवाच्या जागी कुत्रं? हाकल की."
"तुम्हीच हाकला."
नाही हाकललं. कोप मोडून कडबा गाईला घालायचा होता, तोही विषय काढला नाही.

२ जाने., गुरु.
वारं सुटलंय, उगवतीचं. लाल्या कोपीच्या मागं, उघड्यावर. खोकतोय. मूर्ख कुठला, म्हणून आधी शिव्या दिल्या. मग स्वतः आत बसून पाहिलं. वारं थेट तोंडावर, डोळ्यांतून पाणी.
ह्यांना म्हटलं, कोप फिरवू.
"येळवसीच्या कोपीचं तोंड फिरवत न्हाईत. आजवर कुणी फिरवलंय?"
"आजवर लाल्या एकटा झोपला व्हता का?"
यावर ते मोटार चालू करायला गेले. अप्पांना खोकल्याचं सांगायचं नाही असं ठरलं.

४ शनि.
लाल्यानं भाकरी सोडली. कोमट वरणात कुस्करून दिली, चार घास. हा थंडी काढत नाही बहुतेक. अप्पांना काय सांगू? घरी आले, त्यांनी विचारलं, आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.
भिंतीकडं तोंड केलं. मग, "वारं कुठलं हाय?"
"उगवतीचं."
"मग फिरवा की तोंड. कामून बसलाव?"
"आन पांडव?"
"त्यांला जरा सरकवा. त्यांचं जेवण झालंय. ह्यानं कुठं खाल्लंय?"
हे दारात उभे होते. त्यांनी चपला घातल्या.

५ रवि.
कोप फिरली. खाली तुराट्या, वर कोरड्या कडब्याचा जाड थर, कापडाचा तुकडाही नाही. पांडव बाहेर, पूर्वेलाच बघत. कोपीचं तोंड मावळतीला.
लाल्या लगेच आत गेला, गोल फिरला, बसला. नाक उंबऱ्यावर, नजर समोर. मी वाकून पाहिलं. मावळतीला गावाची वाट आहे. अप्पांना त्याच वाटेनं घरी नेलं होतं, ऑटोत घालून. तेव्हा मागं जाऊन पडायचा तो नुसता वाऱ्याला चुकवायला नव्हे. पुढून वाट दिसत नव्हती त्याला.

६ सोम.
निम्मी भाकरी. खोकला आहेच.
वाटेचं अप्पांना सांगितलं. दुपारी मशीनवर बसले होते, तर आतून हाक, "सुमन, काठी दे." ह्यांना बोलावलं, दोघांनी धरलं. उभे राहिले. घामाघूम, ओठ पांढरे. म्हटलं पुरे आज, बसा.
"मळा किती पावलं हाय?"
म्हटलं, आधी दार गाठा, मळा मग.
"मळ्याचंच इचारायलोय मी."
उद्या लाल्याला दूध न्यायचं. कोमट.