मामीच्या डोक्यावर अमिनोची ट्रायल

मखमलाबाद, मंगळवार

चि. सौ. कां. तेजस्विनीस (पत्रिका छापून आल्या, तेव्हा आता तुला असंच लिहायला हवं) सावळीराममामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक, झेंडूही ठीक, भाव सोडून. तुझी तब्येत कशी? लग्न तोंडावर आलंय, जागरणं करू नकोस. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी काय बोलतो ते मामी दाराआड उभी राहून ऐकते. अंबडला तुमच्या कंपनीत कामाला येणारा बहिरू हे तुझ्या हातात देईल.

तर मामीचं. किमो संपली, डॉक्टर म्हणाले आता भ्यायचं कारण नाही. पण डोक्यावरचा रुमाल काही उतरेना. माझ्यासमोरसुद्धा नाही. बारीक बारीक केस येऊ लागले होते, ते मी चोरूनच पाहिले. त्यात तुझी पत्रिका आली, आणि "मला नाय यायचं लग्नाला, लोकं नवरीला सोडून माझ्याकडंच बघतील," असं म्हणून ती आत निघून गेली. मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही, आणि मामीशिवाय मामाला स्वतःची टोपी सापडत नाही. जीव नुसता टांगणीला लागला.

मग तू तुमच्या कंपनीची ती बाटली दिलीस. केस वाढवायची नाही, नाजूक कातडीला न झोंबता डोकं धुवायची आहे, अमिनो आम्लापासून केलेला सौम्य साबणच समज, हे तू नीट सांगितलं होतंस. (मी ऐकलं किती, ते विचारू नकोस.) माझ्या डोक्यात राहिलं ते फक्त अमिनो. अगं, गारपिटीनं झेंडू झोडपला की पुन्हा फुटावा म्हणून आम्ही काय फवारतो? अमिनोच! मी म्हटलं, एवढीशी बाटली कशाला, शेडमध्ये कॅन पडलाय. पण शेतकरी माणूस नवं औषध सगळ्या प्लॉटवर एकदम मारत नाही, आधी ट्रायल घेतो. म्हणून उजवीकडे तुझी बाटली, डावीकडे माझा कॅन, आणि मध्ये बोटानं आखलेला बांध. मामीला सांगितलं, दोन्ही तेजूनंच दिलंय. तुझं नाव ऐकून तिनं रुमाल काढला आणि न्हाणीत पाटावर डोळे मिटून बसली.

आता, कॅनमधलं अमिनो मासळीपासून काढलेलं, हे मला ठाऊक होतं. पण शेतात वारा असतो, न्हाणीत नसतो, हे ध्यानात आलं नाही. आणि मामी पडली माळकरी! आधी तिनं शेजारच्या छायाच्या घराकडे बघून नाक मुरडलं. मग दारात दोन मांजरं आली, पाठोपाठ पिल्लांसकट तिसरं, आणि सगळी तिच्या डोक्याकडे अशा मायेनं बघू लागली की माझं बिंग फुटलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. पण ती हसायला लागली गं! हसता हसता पाटावरून घसरली. दुखणं आल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. मलाच रडू आलं. मग सगळं डोकं तुझ्याच बाटलीनं पुन्हा पुन्हा धुतलं. वास गेला, कुठं लाल झालं नाही, आणि उन्हात बसून ती छायाशी तासभर बोलली, उघड्या डोक्यानं. "अशीच येणार मी लग्नाला," म्हणते. "बघू दे लोकांना."

दोन्ही प्लॉट सारखेच उगवताहेत, तेव्हा ट्रायल फेल. आम्ही दोघं आदल्या दिवशीच येतो.

तुझाच मामा,
सावळीराम

ता. क. बाटली संपत आली, आणखी एक पाठव.

ता. क. दुसरा. खरं काम हेच. त्या दिवसापासून तिचं डोकं मीच धुतो. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या केसांना मी असा हात लावला नव्हता. ती डोळे मिटून बसते आणि लहानपणचं काहीबाही सांगते. पण काल म्हणाली, "आता बरी झाले, माझं मी धुवीन." तेव्हा तू तिला फोन करून सांग, की हे दुसऱ्याच्या हातानंच लावावं लागतं, कंपनीचा तसा नियमच आहे. खोटं बोलल्याचं पाप माझ्याकडे.