सहाव्या पानावरचा तलाव

६ सप्टें. २००२, जुन्नर
ह्यांचा पाय अजून प्लास्टरमध्ये. मोटरसायकल घसरली ती घसरली, घोटाच गेला. स्टुडिओ मीच उघडते. आज पासपोर्टचे तीन, आणि एक नवं जोडपं. त्यांना मागे बर्फाच्या डोंगराचा पडदा हवा होता. हा पडदा ह्यांनीच रंगवलेला. फ्रिज सोडून बर्फ ह्यांनी कुठे बघितलेला नाही.

दुपारी पतसंस्थेचे चेअरमन आले. दरवर्षी सभासदांना कॅलेंडर वाटतात, परदेशातल्या देखाव्यांचं, तयार छापलेलं. पतसंस्थेच्या नावाभोवती चौकट कुठली घ्यावी हे विचारायला आले होते. मी बोलून गेले, "आपल्याकडे काय डोंगर कमी पडले का, भाऊ?"
"मग द्या की वहिनी काढून. सहा पानं, सहा ठिकाणं. दिवाळीच्या आत."
आतून हे ओरडले, "ती बोललीये, तीच काढील!"
चेअरमननी तिथेच यादी केली. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, कुकडेश्वर, आहुपे, डिंभ्याचा तलाव. शेवटचं नाव आलं तशी मी चौकटींचे नमुने आवरायला घेतले.

७ सप्टें.
लग्नांत ह्यांच्या हाताखाली फ्लॅश धरून पंधरा वर्षं गेली. स्वतः काढलेले फोटो म्हणजे बारशाचे आणि ओळखपत्राचे. डोंगराला "जरा हनुवटी वर करा" म्हणता येत नाही.

११ सप्टें.
लेण्याद्री. पायऱ्या चढेपर्यंत ऊन डोक्यावर. हे म्हणाले होते सातला पोच, मी पोचले साडेनऊला. एका माकडाने कॅमेऱ्याच्या स्टँडची पिशवी ओढून नेली, एका फुलवाल्याने केळं देऊन सोडवली. गणपतीला रांग. शेजारच्या लेण्यात स्तूपापुढे एक बाई नि त्यांचे मालक शांत हात जोडून उभे. खाली उतरताना बाई म्हणाल्या, "ताई, लोक फकस्त देवळाचा फोटो काढत्यात. ह्ये बी काढा." परत वर गेले. लेण्याच्या आत उभं राहून बाहेरचं खोरं काढलं, खांबांच्या मधून. हिरवंगार. बघू कसं येतं.

१९ सप्टें.
नाणेघाट. जुन्नरात इतकी वर्षं काढली आणि हा घाट आज पहिल्यांदा बघितला, लाज वाटली. घाटघरच्या एस्टीत बाई मी एकटीच, स्टँड खांद्यावर. कंडक्टरने विचारलं, "मोजणीवाल्या का?"
वर सोनकी फुललेली, पठारच्या पठार पिवळं. कड्यावर वारा असा की पडणारं पाणी उलट वर उडत होतं. तोंड भिजलं, लेन्स भिजली, पदराने पुसली (हे ओरडतील). खाली कोकण. ढग सरकले की कोकण दिसायचं, पुन्हा झाकायचं. छत्तीसच्या छत्तीस काढले. मन भरलं नाही.

२३ सप्टें.
पुण्याहून रोल धुऊन आला. नाणेघाटाचा पूर्ण कोरा. एकही नाही. फिल्मची जीभ खाचेत नीट अडकली नव्हती, छत्तीस वेळा नुसतं बटण दाबलं मी.
हे हसायला लागले, इतके की प्लास्टरवर हात धरावा लागला. मी भडकले. तेव्हा म्हणाले, "अगं, माझं पहिलं लग्न असंच गेलं."
"पहिलं लग्न?"
"म्हंजी पहिल्या लग्नाचा रोल! नवरीच्या बापाने मला गोठ्यात कोंडला व्हता. पुन्हा सगळ्यांना नटवून अंतरपाट धरला, तवा सोडला."
पंधरा वर्षांत हे मला सांगितलं नव्हतं. मलाही हसू आलं. रात्री जेवताना म्हणाले, "उद्या पुन्हा जा. सोनकी थांबायची न्हाई."

२४ सप्टें.
गेले. रोल तीनदा उघडून बघावासा वाटला, उघडला नाही. मागच्या वेळेपेक्षा वारा कमी, ढग जास्त. एकच फोटो मनासारखा. पण तो आला असणार. हाताला कळलं.

१७ ऑक्टो.
पाच झाले. आहुप्याचा कडा ह्यांना इतका आवडला की कुबड्या घेऊन लाइटखाली जाऊन बघत बसले. सहाव्याबद्दल आज चेअरमनना सांगितलं, डिंभ्याचा मी काढणार नाही.
"का हो? चांदण्यासारखं पाणी असतं. पर्यटक येतात."
काय सांगणार. त्या पाण्याखाली माझं माहेर आहे. धरणात पाणी अडलं आणि गाव गेलं, आबा लोणीच्या बाजूला मिळालेल्या जमिनीवर येऊन राहिले. आई ते बघायला राहिली नाही. तेव्हापासून त्या पाण्याकडे मी बघितलेलं नाही, आहुप्याला जातानाही एस्टीत दुसऱ्या अंगाला तोंड करून बसले. लोक तिथे गाडी थांबवून "काय सीन आहे" म्हणतात.
एवढंच म्हटलं, "मला जमणार नाही."

४ जाने. २००३
कॅलेंडर आलं. पाच पानं माझी. सहाव्यावर कुठल्या तरी परदेशातला तलाव, कडेला सुयांसारखी झाडं. बाजारपेठेत दुकानादुकानांत लेण्याद्री टांगलेली. एकजण स्टुडिओत आला, म्हणाला, "नाणेघाटाचा पडदा हाय का?"

२ फेब्रु.
आबांकडे. एक कॅलेंडर नेलं होतं. आबांनी एकेक पान वाचल्यासारखं बघितलं. सहाव्यावर थांबले.
"ह्ये कुठलं?"
"परदेशातलं."
"आपलं तळं का न्हाई लावलं?"
मी सांगितलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही काढलं. आबांनी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.
"मला? मी तर वाट बघतोय कुनी तिकडं न्यावं म्हून. तूच तोंड फिरवून बसलीयस. मग मी कुनाला म्हनू?"
घरी येईपर्यंत एस्टीत तेच डोक्यात. आबांसाठी म्हणून नऊ-दहा वर्षं मी जे झाकून ठेवलं, ते आबांचं नव्हतंच.

९ मे
गेल्या साली पाऊस कमी झालेला, धरणाचं पाणी खाली गेलंय. घोडेगावच्या बाजारात ऐकलं, गाव उघडं पडलं. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मी दुकान बघतो. पाय आता चालतोय. चांगला कॅमेरा ने."

१४ मे
आबांना घेऊन गेले. पहाटेच निघालो. डिंभ्यापासून जीप, पुढे पायी.
गाव नाही, जोती आहेत. भेगाळलेला गाळ, मधूनमधून दगडांच्या चौकटी, चिंचेचे काळे बुंधे. मला काहीच ओळखता येईना. आबा मात्र न थांबता चालायला लागले. मी सरळ जवळच्या वाटेने निघाले तर ओरडले,
"मंदे, तिथनं नको! ते लोकांच्या माजघरातनं जानं झालं."
मग त्यांच्या मागे गेले. जिथे काहीही नाही तिथे ते डावीकडे वळत, पुन्हा उजवीकडे, गल्ली होती तशी. एका ठिकाणी वाकून चालले. तिथे म्हणे गोठ्याचं छप्पर खाली आलेलं असायचं.
आमच्या जोत्याशी आले, वहाणा काढल्या. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. मी तो हाताने साफ केला, गाळ नखात गेला.
फोटोला आबा ताठ उभे राहिले, स्टुडिओत राहतात तसे. मी म्हटलं, उंबऱ्यावर बसा. बसेनात.
"बसलेला नको. घरातनं भायेर येताना काढ. रोज सकाळी निघायचो तसा."
मग ते आत गेले. म्हणजे दोन दगडांच्या पलीकडे. पागोटं सारखं केलं, आणि बाहेर आले. मान किंचित खाली, दार बुटकं होतं ना. फोकस चुकला. म्हटलं, पुन्हा या. पुन्हा आत गेले, पुन्हा आले. सहा वेळा. शेवटी म्हणाले, "आता बास. कामाला उशीर व्हतोय," आणि स्वतःच हसले.
मागे उरलेलं पाणी, त्यामागे डोंगर. सुंदर होतं. लिहायला धीर होत नाही, पण होतं.

२० मे
फोटो आला. ह्यांनी मोठा काढून आणला. बराच वेळ बघून म्हणाले, "तुझ्या आबांनी मान का वाकवलीय?" दार सांगितलं. तो फोटो त्यांनी काउंटरच्या काचेखाली नाही, भिंतीवर लावला.

२७ मे
चेअरमनना दाखवला, पुढच्या कॅलेंडरसाठी. खूप वेळ हातात धरला. "फोटो चांगलाय वहिनी. पण सुकलेलं धरण घरात कोण लावील? भरलेलं काढा ना." मी म्हटलं, भरलेलंही काढीन, आता काढीन, पण दोन्ही एका पानावर छापा. विचार करतो म्हणाले. फोटो घेऊन गेले, परत दिला नाही. हे चांगलं का वाईट?

३ जून
आबांचा निरोप, ये. गेले तर पडवीत गावची सात-आठ माणसं, कुठून कुठून आलेली, मी पाठवलेली फोटोची प्रत मधे ठेवून भांडतायत. मागचा काळा दगड कुणाच्या जोत्याचा यावरून. एक म्हातारी फोटोवरचं बोट काढायला तयार नाही: "ह्यो माझाच पाटा हाय. मी वळखते." तिला मी ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. म्हणाली, "मला बी तसंच काढ. दारातनं येताना." मग सगळेच.
आबा म्हणाले, टेम्पो सांगू.

५ जून
रोल आणले, दहा. टेम्पो परवाचा ठरला. माणसं बावीस झालीत, एक जावईही येणार आहेत, कारण त्यांनी सासुरवाडी कधी बघितलीच नाही. हेही येतो म्हणतायत, दुकान बंद ठेवून, स्टँड धरायला.
पण दुपारपासून भीमाशंकराच्या अंगाला काळं झालंय. तिकडे एक सर झाली म्हणे. आबांचा शेजारच्या दुकानात फोन: "पानी चढायला लागलं तर?"
मी म्हटलं, उद्याच निघू. टेम्पोवाल्याला विचारायला हे मघाशी गेलेत, अजून आले नाहीत.