आकडा तीस

४ नोव्हेंबर
पांढरकवड्याला पोचले. डोळ्यांचा दवाखाना लहान, पण ऑपरेशनची खोली लख्ख. राहायला मागची खोली मिळाली. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. डॉक्टरांनी स्वतः शिकवलं: मोतीबिंदू काढताना डोळ्यात पाणी सोडतात, त्याने आतला दाब वाढतो. फार वाढला, फार वेळ राहिला, तर मागची नस कायमची मरते. पडद्यावरचा आकडा मोठ्याने सांगायचा, रजिस्टरात लिहून सही करायची, हे माझं काम. डॉक्टर मला ममताबेटा म्हणतात. हंसाबाई सिस्टरने आपल्या डब्यातली भाकर दिली.

१२ नोव्हेंबर
आज अठरा ऑपरेशनं. सगळ्यांचा आकडा तीसच! काय हात आहे डॉक्टरांचा. महागावला आईला, माझ्या याडीला, फोन केला. तिला दिसतं ते एकाच डोळ्याने, त्यातही मोतीबिंदू. म्हणाली, "मले भेव लागते." मी म्हटलं, मी असते ना तिथे. पंचवीस तारीख ठरली.

१९ नोव्हेंबर
पट्टी सोडल्यावर केळापूरच्या रामरावांना काहीच दिसलं नाही. बिजलीबाईंनाही नाही. डॉक्टर म्हणाले, नस आधीच खराब होती.
दुपारी यंत्र पुसत होते. नळी काढून ट्रेमध्ये ठेवलेली, बाटली रिकामी. पडद्यावर तीस.

२० नोव्हेंबर
हंसाबाईला विचारलं. दाब मोजणारा सेन्सर दसऱ्यापासून बंद आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, म्हणाली. "कायले भेतं तू? आकडा बोलत राह्य."
तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दुरुस्तीपर्यंत एकही ऑपरेशन करणार नाही म्हणाले. किती हलकं वाटलं! याडीला उद्या कळवते.

२१ नोव्हेंबर
सकाळीच मला बाभुळगावच्या शिबिराला पाठवलं. संध्याकाळी परतले तर बाकावर याडी. डोळ्यावर पट्टी. हंसाबाईने तिला फोन केला होता, ममताने आजच बोलावलं म्हणून.
रजिस्टरात याडीचं नाव, मानीबाई, पुढे तीस, तीस, तीस. खाली माझी सही. मी बाभुळगावात होते!

२२ नोव्हेंबर
पट्टी मीच काढली. याडीने मान वर केली. मग म्हणाली, "काढ ना वं पट्टी आता."

२३ नोव्हेंबर
दुपार. दोघी खोलीत, आतून कडी लावली. बाहेर रामरावांची पोरं, बिजलीबाईचे भाऊ. डॉक्टर त्यांना रजिस्टर दाखवताहेत. दाब बघायचं काम हिचं होतं, सही बघा —
दारावर काठ्या —
थांबल्या. आता हंसाबाईचा आवाज. गोड. मानीबाई, औषध आणलं, दिसन तुमाले, कडी काढा —
याडी उठली. भिंत चाचपत —
नको याडी, ती खोटं —