दोन बोटं आणि उरलेले तास

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, माजी सैनिक, हाताला बोटं आठ, डोकं शाबूत, पोटात दारूचा थेंब नाही आणि मानेवर कुणी सुरी धरलेली नाही, अशा अवस्थेत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितोय. याआधी कुणाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते रद्द. बारच्या दारात कबूल केलं असेल तर डबल रद्द.

मला मरायची घाई नाही. उद्या मी पहिल्यांदा एकट्याने हेलिकॉप्टर उडवणार आहे, आणि आमच्या शाळेचा नियम असा की एकट्याने उडायच्या आधी मृत्युपत्र मास्तरांच्या टेबलावर पाहिजे. मागे एक विद्यार्थी टेकडीवर आपटून गेला. त्याच्या घड्याळावरून त्याच्या दोन मेहुण्यांनी हँगरमध्येच पान्यांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि त्या धुमश्चक्रीत उभ्या हेलिकॉप्टरची काच गेली. मास्तरांना पोराचं दुःख झालं, पण काचेचं अजून होतंय. तेव्हापासून हा नियम.

कलम पहिलं. ज्या तासांचे पैसे मी भरलेत पण जे अजून उडवलेले नाहीत, ते सगळे माझ्या धाकट्या बहिणीला. शाळा पैसे परत देत नाही, मात्र रक्ताच्या एका माणसाच्या नावावर तास चढवते. वर्षाच्या आत वापरले नाहीत तर गेले. हे तास कुठून आले तेही लिहितो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं, याला काय, सरकारने फुकट दिले.

आम्ही एका उघड्या उतारावर अडकलो होतो. शेजारी बोका. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. गोळा फुटला आणि माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. बोक्याचं पोट गेलं. मी त्याची आतडी उरलेल्या बोटांनी आत कोंबत होतो आणि तो हरामखोर म्हणतो, "हळू रे, गुदगुल्या होतात." हेलिकॉप्टर आलं तेव्हा टेकायला सपाट जागाच नव्हती. पायलटीण होती. तिने मशीनचा एक पाय दगडावर टेकवला, दुसरा हवेत, आणि तशीच धरून ठेवली मशीन. पत्र्यातून गोळ्या आरपार. तिच्या शेजारच्याने मान टाकली, त्याचं रक्त काचेवर. मी बोक्याला आत ओढलं आणि तिच्या पाठीवर भडाभडा ओकलो. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ओरडली, "पुसायला नंतर ये! पाय आत घे त्याचे!"

बोका उतरायच्या आधीच गेला. माझ्या मांडीवर. शौर्यबिर्य मला ठाऊक नाही, पण दगडावर एक पाय टेकवून मशीन धरून ठेवणं मला जमवायचंय. बाकी कशातच मन लागत नाही.

म्हणून माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो. भिंतीवर मोठं पोस्टर, हसरा शिपाई, मागे हेलिकॉप्टर. खाली कारकून.

"साहेब, उड्डाणाचा खर्च सरकार देतं ना?"

"देतं की. आधी खासगी परवाना आणि डॉक्टरचा दाखला आण. त्याच्या पुढचा सगळा खर्च सरकारचा."

"आणि पहिला परवाना?"

"तो तुझ्या खिशातून."

"म्हणजे पोहायला आलं की पाण्यात सोडणार तुम्ही?"

"पुढचा या!"

मी पुढच्याच्या आधी त्याच्या कॉलरला हात घातला. पहारेकऱ्याचा दंडुका माझ्या भुवईवर बसला, टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी कारकुनाच्या दाराला पाटी चिकटवून आलो: "आधी बाहेर या, मग आत या." दुपारपर्यंत माणसं दारात उभी राहून एकमेकांना विचारत होती.

कलम दुसरं, याच कारकुनाला. माझा डावा हातमोजा, ज्याच्या दोन बोटांत कापूस भरलाय. हा घालून मी डॉक्टरकडे गेलो होतो. डॉक्टरने हात मिळवला आणि माझं एक बोट त्याच्या मुठीत चपटं झालं. बिचारा खुर्चीतून उठलाच. मग म्हणाला, "दाब, किती जोर आहे बघू." मी दाबलं. त्याला आई आठवली आणि त्याने दाखल्यावर शिक्का मारला. तेव्हा कारकूनसाहेब, पाहिजे तो दाखला असा मिळाला. मोजा पोस्टरखाली टांगा.

तर पहिल्या परवान्याचे पैसे आले दोन बोटांच्या भरपाईतून आणि बारच्या दारातून. दारावर उभं राहायचं, पिऊन झिंगलेल्यांना बाहेर फेकायचं. एकाने बाटली फोडून माझ्या खांद्यात घुसवली, एकाने स्टुलाने बरगडी मोडली, एकाची दाढ मी माझ्याच बुटातून काढली. मास्तर विचारायचे, "आज कुणाच्या तासाला बसतोस?" मी म्हणायचो, "काल रात्री ज्याचं नाक गेलं, त्याच्या." बारमालकाला माझ्याकडून काही नाही. त्याने बरगडीचे दिवस पगारातून कापले. त्याच्या गल्ल्यात उंदीर कुणी सोडला ते त्याने ओळखलंच असेल.

बोक्याच्या बापाला माझं पदक. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी दारातच माझ्या थोबाडीत मारली, दोनदा, चपला हातात घेऊन. मग माझा डावा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काका, पदक विकायचं तर विका. लोखंडाच्या भावात जाईल.

आता मुद्द्याचं. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, ते जाताना अर्ध्या माझ्या, अर्ध्या दादाच्या नावावर करून गेले. माझा हिस्सा धाकटीला. आई हयात असेतोवर तिथेच राहील, तिला कुणी हलवायचं नाही. पण धाकटीने त्या हिश्श्यावर कर्ज काढलं तर ते उडायला शिकण्यासाठीच. लग्नासाठी नाही, फ्रिजसाठी नाही, कुणाच्या ट्रकसाठी तर नाहीच. ती सैनिक नाही, म्हणून तिला ते पोस्टर छदामही देणार नाही, आणि माझे उरलेले तास परवान्याला पुरणार नाहीत.

तिलाच का? शाळेची ढकलगाडी मोडली म्हणून ती वेल्डिंगला आली होती. मास्तरांनी गंमत म्हणून तिला वर नेलं. हेलिकॉप्टर एका जागी हवेत धरणं म्हणजे ओल्या साबणावर उभं राहणं. मला ते जमेपर्यंत मास्तरांनी नकाशाची गुंडाळी माझ्या डोक्यावर मारून फाडली होती. तिने पहिल्याच दिवशी धरलं. खाली आल्यावर मास्तरांनी परत मलाच टपली मारली. "बघ गाढवा, दहा बोटांची माणसं!"

आता दादा. दादा दुसऱ्याचा ट्रक चालवतो. त्याला स्वतःचा घ्यायचाय, आणि त्यासाठी माझा हिस्सा हवाय. मी हाच कागद आधी एकदा लिहिला होता, तो परवा त्याने स्वयंपाकघरात वाचला आणि उभा फाडला.

"तू मेलास ना, तर मी कोर्टात सांगेन, गोळा फुटल्यापासून याचं टाळकं सरकलं होतं. बसू दे मग तिला वर्षानुवर्षं पायऱ्या झिजवत. तास पण जातील तुझे."

मी म्हणालो, "टाळकं सरकलेलं तुझं, लहानपणी आईने तुला पाळण्यातून पाडलं तेव्हाच."

त्याने कुकरचं झाकण उचलून माझ्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून आला. मी त्याचा कान दाताने धरला आणि सोडला नाही. दोघेही ओट्यावरून खाली, भांडी अंगावर, रक्त कुणाचं ते कळेना. धाकटी दुकानातून पाण्याचा पाइप घेऊन वर आली आणि आमच्या तोंडावरच सोडला. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"मारा, मारा एकमेकांना. एक मेला की दुसऱ्याला मी मारते, म्हणजे मी सुटले."

मग दादा ओल्या फरशीवर बसला, कानाला फडकं लावून. म्हणाला, "तू तिकडे गोळ्या खात होतास तेव्हा बापाला पाठीवर घेऊन हा जिना कोण उतरायचं? रोज?"

"तू."

"त्याचं हगणं-मुतणं कुणी काढलं?"

"तूच."

"मग?"

मी फरशीवरची भांडी गोळा करायला लागलो. तो उठला, दार आपटून गेला. बिजागरी तुटली.

म्हणून हे कलम: माझी मोटारसायकल दादाला. हिस्सा सोडला तर माझ्याकडे तिच्यापेक्षा भारी काही नाही, आणि त्याचा तिच्यावर डोळा आहे.

पण कोपऱ्यावरच्या वकीलबाईंनी दोन गोष्टी सांगितल्यात. जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून खिळासुद्धा मिळत नाही. आणि ज्याने साक्ष केली, त्याने मागाहून "लिहिणाऱ्याचं टाळकं सरकलेलं होतं" म्हटलं तर कोर्ट त्यालाच हसतं. तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवलीय. दादा आज ट्रक रिकामा करून घरी येतोय. हा कागद आईच्या हातून त्याच्याकडे जाईल, मी जिन्यातून बघेन, जवळ जाणार नाही, नाहीतर परत झाकण उडेल.

दादा, सही केलीस तर मोटारसायकल गेली आणि ट्रकही गेला, पण धाकटीच्या वाटेत कुणी उभं राहणार नाही. केली नाहीस तर वकीलबाईंचा कारकून करेल. मग मोटारसायकल तुझी आणि कोर्ट तिच्या नशिबी. मी तुला हात जोडणार नाही. आठ बोटांचा नमस्कार वाईट दिसतो.

माझं जे काही सापडेल ते जाळा, पुरा, आईला विचारा. रडायचं असेल तर हँगरबाहेर. काच नवी आहे.

हे सगळं मी राजीखुशीने लिहिलं, वाचून पाहिलं, काही ठिकाणी हसलो. नाक सुजलंय म्हणून एका डोळ्याने वाचलं, पण शुद्धीत वाचलं.

ठिकाण: हँगरमागची खोली
तारीख: पहिल्या एकट्या उड्डाणाचा आदला दिवस

लिहून देणार: (सही) आठबोट्या

साक्षीदार पहिला: (सही) मास्तर. माझ्यासमोर लिहिलं. डोकं ठिकाणावर आहे, जीभ नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) याचा थोरला भाऊ, ट्रकचालक. आईने दोनदा वाचून दाखवलं. मोटारसायकल नको. नीट खाली उतर, नाहीतर वर येऊन मारीन.