नांदेडचं पाणी, लातूरला

माय,

परवा आमच्या शाळेत मुलांनी आई-वडिलांची पूजा केली. चौदा फेब्रुवारी होती. बाहेर या दिवसाला व्हॅलेंटाईन म्हणतात. तुझ्या वेळी हे नव्हतं, निदान आपल्या गल्लीपर्यंत पोचलेलं नव्हतं. या दिवशी नवरा-बायकोनं, किंवा ज्यांचं अजून ठरलेलं नाही अशा पोरापोरींनी, एकमेकांना फूल द्यायचं, भेट द्यायची, सोबत फोटो काढायचा. शाळेत ते वारं नको म्हणून हल्ली त्याच दिवशी पालकांना बोलावून पूजा घेतात. एका मुलीची आई ऊसतोडीला गेलेली होती. त्या मुलीनं हातातली झेंडूची फुलं आणून माझ्या पायांवर ठेवली, आणि मी एकदम पाय मागे घेतले. पोरगी घाबरली. मी तिला जवळ घेतलं, पण कानात तूच होतीस. आपल्याकडे कुणी वाकलं की तू त्याला दंडाला धरून उभं करायचीस. "माणसानं माणसाच्या पाया पडू न्हाई, उठ." तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. तुला पत्र लिहायचं कधी काम पडलं नव्हतं. तू होतीस तोवर मी नांदेडहून एस.टी.नं येतच होते.

शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये केक कापला. लोह्याच्या बेकरीत आता बदामाच्या आकाराचा केक मिळतो. मग कुणाला काय मिळालं ते सांगणं सुरू झालं. एक मॅडम म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मिक्सर दिला. म्हंजे चटणी त्यांनाच पाहिजेल." सगळ्या हसल्या. दुसऱ्या एकीचा नवरा दरवर्षी विसरतो. ती स्वतःच साडी घेते आणि त्यांनी दिली म्हणून मोबाइलवर फोटो टाकते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि आम्ही सगळ्या त्या फोटोखाली छान म्हणून लिहितो. मला कुणी काही विचारलं नाही. सवयीनं विचारत नाहीत.

खरं तर मला हा दिवस आधी आवडला होता. वटपौर्णिमेला सगळ्या नटून वडाला जातात तेव्हा मी वर्गात वह्या तपासते. कुणी वाईट बोलत नाही, फक्त "तुमच्यात नसतं ना मॅडम," एवढं म्हणतात. तुलाही गल्लीतल्या बायका विचारायच्या, आणि तू म्हणायचीस, "माझा नवरा मी झाडाला इचारून केला न्हाई." पण या नव्या दिवसाला जातपात नव्हती. केक सगळ्यांचा. फक्त नवरा सोबत पाहिजे, आणि तेवढंच माझ्याकडे नव्हतं.

तुला सगळं माहीतच आहे. मी नांदेड जिल्ह्यात मास्तरीण, ते लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या एका खेड्यात मास्तर, राहायला लातूर शहरात. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली म्हणजे किती अवघड ते तुला मी सांगायची, आणि तू म्हणायचीस की मधी काय समुद्र हाय का? लग्नानंतरच्या उन्हाळ्यात ते म्हणाले होते, सोड नोकरी, ये लातूरला. मी तुझ्याकडे आले. तू भाकरी थापत होतीस. मी सांगितलं तेव्हा तुझा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस, आणि म्हणालीस, "नोकरी सोडलीस तर ह्या घरात पाऊल टाकू नको." मग बऱ्याच वेळानं, "बदली होती आज न उद्या. नवरा कुठं पळून चाललाय?" पळून गेले नाहीत, माय. तिथंच राहिले.

तुझं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तू कचेरीत पाणी भरायचीस, आणि बाबा तिथल्याच नव्या इमारतीवर गवंडी होते. शाळा नसली की मी तुझ्यासोबत यायची. सगळीकडे विटांचे ढीग, वाळू, भाड्याच्या खोल्यांतून चालणारी ऑफिसं. दुपारी बाबा बांबूच्या परांचीवरून खाली उतरतात, हात धुतात, आणि लिंबाखाली बसून तुला हाक मारतात, नाव न घेता, फक्त "आलीस का?" तू घागर ठेवतेस आणि जातेस. तुम्ही दोघं एकाच डब्यात जेवता. बाकीचे गडी एकीकडे, बाया दुसरीकडे, आणि मध्ये तुम्ही दोघं. वाळू चाळणारी एक बाई ओरडते, "बसले बघा राजा-राणी!" आणि तू तोंडातला घास न गिळता म्हणतेस, "तुला तुझा नवरा बलवत न्हाई, त्येला मी काय करू?" बाबा मान खाली घालून हसतात. मी तुमच्या शेजारी बसून कांदा फोडते. मला वाटायचं, लग्न झालं की असं जेवायला मिळतं.

तू गेलीस तेव्हा माझी पोरगी रांगत होती. ती पुण्याला कॉलेजात गेली त्या वर्षी लातूरला पाणी उरलं नाही. दुष्काळ तू पाहिलेलास, पण शहरात असा पाहिला नसशील. नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नाही. टँकर आला की घागरींच्या रांगा, भांडणं, पोलीस. नांदेडलाही टंचाई होती, पण आमच्या नळाला एक दिवसाआड का होईना पाणी यायचं. पोरीचा फोन आला. "आई, तुमचा दोघांचा एक तरी नीट फोटो आहे का? लग्नातला सोडून." मी म्हटलं असेल. ती म्हणाली, "नाहीये. मी शोधला. व्हॅलेंटाईन रविवारी आहे. पप्पांना न सांगता जा, आणि फोटो पाठव."

मी जायचं ठरवलं. रिकाम्या हातानं कसं जायचं? स्टेशन रोडला गुलाब होते, दुकानांबाहेर टोपल्या मांडल्या होत्या, पोरं झुंबड करून घेत होती. मी तिथं उभी राहिले आणि परत फिरले. या वयात फूल हातात घेऊन नवऱ्याच्या दारात उभं राहायचं मला जमलं नसतं. घरी तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा कॅन होता. तो चिंच आणि राख घालून घासला, गरम पाण्यानं विसळला, आणि पाण्यानं भरला. लातूरला नातेवाईक असलेले पुष्कळ जण तेव्हा असं पाणी नेत होते.

बसमध्ये कंडक्टरनं कॅन पायानं ढकलून बघितला. "तेल हाय का काय बाई? सांडलं तर लोकं घसरतील."

"पाणी आहे."

"कुठं निघालाव?"

"लातूर."

"मंग बसा बसा. सोनं नेऊन राहिलाव, त्याचं लगेज-तिकीट कुठं लावायचं." शेजारच्या सीटवर कॉलेजची एक पोरगी मांडीवर गुलाब धरून बसली होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "एकीकडं फूल अन् एकीकडं पाणी. दोघी बी मालकाकडंच चालल्या जणू." पोरगी लाजली. मीही हसले. माय, त्या दिवशी लोह्याच्या पुढं गेल्यावर मला खरंच बरं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी काळी, भेगाळलेली रानं, कुठं हिरवं पान नाही, आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये पाणी हिंदकळत होतं. मनात म्हणत होते, या वर्षी बदलीचे नियम बदलणार म्हणतात, नवरा-बायकोला आधी घेणार म्हणतात. आज दोघं बसून ठरवू.

त्यांची खोली दोन जिने चढून आहे. कॅन मीच वर नेला. दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तू? आज कशी काय?"

"रविवार आहे. आले."

"हे काय?"

"पाणी आणलं."

"अरेरे, कशाला एवढं जड," म्हणाले आणि पटकन कॅन आत घेतला. लगेच एक पेला भरून प्यायले. मी पाहत होते. पूर्ण पेला संपवला, तोंड पुसलं, "छान आहे," म्हणाले. तेवढ्यात समोरच्या खोलीत नवीनच राहायला आलेली बाई लेकराला कडेवर घेऊन दारात आली. "गुरुजी, बहीण आली का तुमची?"

"न्हाई हो, मंडळी हायत आमच्या," ते हसून म्हणाले. तीही ओशाळून हसली. त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलं. लेकरानं तिथंच एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "तेलाचा वास यायलाय!"

मी नंतर पेला भरून पाहिला. वास येत होता. चांगला येत होता. त्यांनी अख्खा पेला काही न बोलता संपवला होता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, केवढं प्रेम. पण मी समोर होते. माणूस परक्याच्या घरी जातो, चहात साखर कमी असते, तरी छान आहे म्हणतो, तसे ते प्यायले होते. बाबांना तुझ्या भाजीत मीठ जास्त लागलं तर डबा तुझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "खाऊन बघ, समुद्र केलीस." तुम्ही भांडायचात. आम्हाला भांडायलाही काही उरलं नव्हतं.

जेवण त्यांनी केलं. खिचडी छान करतात. भांडी कुठं असतात ते मला विचारावं लागलं. जेवताना मी बदलीचं काढलं. ते ताटातली मिरची बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "मी काही यंदा अर्ज करत नाही. इथं गावात सगळे ओळखतात, शाळा बरी चाललीय. नव्यानं कुठं सुरू करायचं?"

"मग मी इकडे मागते."

"इकडे?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली रिकाम्या घागरींची रांग लावलेली होती. "या बिनपाण्याच्या गावात तू कुठं येतेस? राहू दे यंदा. तू तिकडं नीट आहेस."

आवाज चढला नाही, टोमणा नव्हता. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, आजही येत नाही. दुसरं कुणी आहे का, असं बहिणी विचारतात. कुणी नाही. असतं तर मला निदान कळलं असतं की कुणाशी भांडायचं. त्यांना एकट्याची सवय झाली आहे, आणि सवय कुणाची काढून घेता येत नाही.

फोटो काढला. समोरच्या बाईनंच काढून दिला. "जवळ सरका की वो गुरुजी, आज तर दिवस हाय!" ते सरकले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि फोटो झाल्यावर काढला. संध्याकाळी बस स्टँडवर सोडायला आले. गर्दी होती. बस लागली तशी त्यांनी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून मला जागा धरली. या वयात धावले. बस सुटेपर्यंत खाली उभे होते. "पोचलीस की फोन कर," म्हणाले. पोरीनं तो फोटो सगळ्यांना पाठवला. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, किती गोड जोडी, मॅडम, तुम्ही कधी बोलला नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात धो धो पाऊस झाला. लातूरचे नळ सुरू झाले. मी वाट पाहिली. त्यांना आपणहून आठवेल, ते म्हणतील, आता पाणी आहे, आता ये. दर रविवारी फोनवर ते पाऊस कसा झाला ते सांगायचे, तलाव किती भरला ते सांगायचे, आणि माझी तब्येत विचारून फोन ठेवायचे. मी बदली मागितली नाही असं नाही. दरवर्षी लातूर मागत राहिले. त्यांना न सांगता.

आणि माय, यंदा माझं नाव आलं. लातूर जिल्हा. एवढ्या वर्षांनी. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे वा." मग, "खोली लहान पडेल ना पण." मी म्हटलं, हो, लहान आहे. ते म्हणाले, "बघ, तुला जसं योग्य वाटतं तसं." मी दोन दिवस थांबले, अजून एक फोन येईल म्हणून. मग ऑफिसात जाऊन बदली नको म्हणून लिहून दिलं. तिथला क्लार्क म्हणाला, "मॅडम, लोकं ह्याच्यासाठी पाया पडतेत, अन् तुम्ही परत करून राहिलाव?" मी म्हटलं, घरची अडचण आहे. संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुझी दगदग वाचली." त्यांचा आवाज मोकळा झालेला मला ऐकू आला.

हे पत्र कुठं जाणार नाही. लिहिता लिहिता एकदा मनात आलं की त्यांनाच वाचायला द्यावं. ते शेवटपर्यंत नीट वाचतील, घडी घालून परत देतील, आणि छान लिहिलंस म्हणतील. ते ऐकायची मला भीती वाटते, म्हणून देत नाही.