वेणूच्या लुगड्यांच्या गोधड्या

२ जानेवारी १९६३, मुरबाड

गोधडी शिवणं सोपं म्हणे! बोटांची चाळण झाली. आत जुनी धोतरं, वर वेणूचं लुगडं — अख्खं, कापायचं नाही. दर थंडीत एक गोधडी क्षयाच्या दवाखान्याला. तिच्या ट्रंकेत एकच लुगडं उरलं होतं, अंजिरी. तेच आता ताणून बसले आहे.

कॉन्व्हेंटात टाका वाकडा गेला की मदर पट्टी उगारायच्या. मी सुट्टीत घरी आले की वेणू डोक्यावर पंचा घेऊन मदर व्हायची, आणि मला रागवायची. धाकटी, आणि माझ्याआधी गेली! अठ्ठेचाळीसच्या थंडीत त्याच दवाखान्यात म्हणाली, "ताई, या पांघरुणाला घरचा वासच नाही गं."

१० जानेवारी

म्हशाची जत्रा. बैलबाजारात एका बैलाच्या पाठीवर वेणूचं हिरवं लुगडं! माझे टाके मी ओळखते. बैलवाला टोकावड्याचा लखमा — मागे त्याच्या खाटेवर मीच घातली होती ती गोधडी. चारचौघांत फैलावर घेतलं.

तो हसला. "बाय, बरा झालो ना मी. आयस म्हनं, दवाखान्यातली गोधडी घरात नको. टाकवली पन नाय. मंग याला घातली. हात लावून बगा, ऊब हाय का नाय."

लावला. होती. लखमाही चांगला गुटगुटीत झालाय. त्याला तसं सांगितलं नाही.

११ जानेवारी

बैल! अजून संताप होतो.

१९ जानेवारी

अर्धी गोधडी दाखवायला दवाखान्यात गेले. नवीन डॉक्टर — मिसरूड फुटलेलं पोर. म्हणाला, आता गोळ्या घरीच देतो, इंजेक्शनं गावोगावी जाऊन टोचतो, खाटा रिकाम्या आहेत. एवढे कष्ट आता घेऊ नका. वर म्हणतो, "बाई, ही तर आनंदाची बातमी!"

आनंदाची! चौदा वर्षं उशिरा आलेली. मी त्याला विचारलं, मग वेणूसाठी मी करू काय? वेणू कोण, त्याला काय ठाऊक. त्याने मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. पाणी प्यायले नाही.

२० जानेवारी

वाल सोलले. सुई हातात घेतली नाही.

२७ जानेवारी

माणसं बरी होताहेत आणि मी रुसून बसले आहे. वेणू असती तर पंचा घेऊन समोर उभी राहिली असती.

३ फेब्रुवारी

टाके उसवले. लुगडं धुतलं. जन्मभर पाचवारी नेसलेली मी — नऊवारी तीनदा सुटलं. तशीच बाजारात गेले. मोतीबिंदू झालेल्या पारू भाजीवालीने लांबूनच हाक मारली, "वेणूताय, लय दिसांनी आलीस गो!"

मी ओ दिली.